सासूबाईंचा आधारभूत पंधरवडा

फ्रीजने आधी घसा खाकरला, मग घर्रर्र सुरू केलं, आणि रविवारच्या दुपारची जी काही शांतता तिने महत्प्रयासाने जमवली होती तिचा चुरा झाला. आतल्या खोलीत भिंगरीने कूस बदलली. भिंगरी म्हणजे तिची पाच वर्षांची लेक. एका जागी अडीच मिनिटांच्या वर टिकत नाही म्हणून हे नाव पडलेलं. खरं नाव आता फक्त शाळेच्या हजेरीपटाला आठवत होतं. तिने श्वास रोखला. लेक उठली की दिवस संपला. इस्त्रीच्या टेबलावर (घरात दुसरंही टेबल होतं, पण त्यावर नवऱ्याचा बंद पडलेला प्रिंटर गेली दोन वर्षं विश्रांती घेत होता) तीनशे बारा पानांची फाईल उघडी होती आणि समासात तिने पेन्सिलीने लिहिलं होतं : ०.४ की १.५?

लेक उठली नाही. फ्रीज मात्र घरघरत राहिला आणि तिच्या मनात आलं, हा आत्ता नेमके किती युनिट खात असेल?

असले विचार धडधाकट माणसाच्या मनात येत नाहीत. पण ती वीज नियामक आयोगात कनिष्ठ विश्लेषक होती. ऑफिसात तिला विश्लेषकबाई म्हणत, आणि म्हणताना जरासं हसत. आयोगाचं काम म्हणाल तर सोपं. वीज कंपनी एकच, लोकांना दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून तिच्यावर डोळे वटारायला कुणीतरी हवं. ते डोळे म्हणजे आयोग. यंदापासून या डोळ्यांना नवं काम लागलं होतं. कंपनीने आपल्या ग्राहकांना दरवर्षी किती वीज कमी वापरायला लावायची, याचं उद्दिष्ट ठरवायचं होतं. म्हणजे दुकानदाराला सांगायचं की बाबा रे, गिऱ्हाइकाला माल कमी घ्यायला शिकव, आणि त्याने किती कमी घेतला ते वर्षाअखेर आम्हाला लिहून दे. दुकानदार ज्या उत्साहाने ऐकेल त्याच उत्साहाने कंपनीने ऐकलं होतं. कंपनी म्हणत होती, तीन वर्षं, दरवर्षी ०.४ टक्के, त्यापुढे अशक्य. तिचा हिशेब म्हणत होता, १.५ तर हसत खेळत.

या आकड्यावर तिचं बरंच काही टांगलेलं होतं. भिंगरीच्या जन्मानंतर ती कामावर परतली तेव्हा तिला आवक-जावक विभागात बसवलं होतं, ‘मूल लहान आहे, झेपेल असं काम’ म्हणून. चार वर्षं तिने दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले. ही तिची पहिली स्वतःची फाईल. आकडा सुनावणीत टिकला तर फाईल तिची. पडला तर ती बाहेरच्या सल्लागाराकडे जाणार आणि विश्लेषकबाई परत शिक्क्यांकडे. विभागप्रमुखांनी हे इतक्या मायेने सांगितलं होतं की तिला आठवडाभर नीट झोप लागली नव्हती.

बुधवारी पहिली सुनावणी झाली. सुनावणीच्या खोलीत एक लांबलचक टेबल आणि सात माइक होते. त्यांतले चालू तीन नेमके ज्यांना काही बोलायचं नसतं त्यांच्यापुढे. कंपनीचे वकील उठले. त्यांचा आवाज असा मऊ, की त्यांनी अपमान केलेला माणसाला घरी गेल्यावर कळत असे. त्यांनी तिच्या टिपणीला ‘अभ्यासपूर्ण स्वप्न’ म्हटलं आणि बसले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश. खिडकीबाहेर पाहत प्रश्न विचारायची त्यांची सवय. ते खिडकीला म्हणाले,

“कागदावर ठीक आहे हो बाई. पण एखाद्या घरात कुणी करून पाहिलंय का?”

यावर ‘माहिती मागवते, सर’ असं एक उत्तर असतं. ते आयोगात पिढ्यान्पिढ्या चालत आलंय आणि त्याने आजवर कुणाचं वाकडं झालेलं नाही. पण ‘अभ्यासपूर्ण स्वप्न’ अजून कानात होतं.

“पाहतेय ना,” ती म्हणाली. “आमच्याच घरी.”

लघुलेखिकेने ते टिपून घेतलं आणि झालं. इतिवृत्तात एखादी गोष्ट आली की ती खोटी राहूच शकत नाही. खरी करण्याची जबाबदारी तेवढी बोलणाऱ्यावर येते. शुक्रवारपर्यंत तिच्या तीन खोल्यांच्या घराला फाईल क्रमांक मिळाला होता. तांत्रिक शाखेने विचारलं, घरचा मीटर तपासलेला आहे काय? आस्थापना शाखेने विचारलं, अधिकारी स्वतःच्या घरी प्रयोग करतात तेव्हा त्या कामावर समजायच्या की रजेवर? आणि कंपनीने दोन पानी पत्र धाडलं, की बाईंनी स्वतः घेतलेलं रीडिंग आम्हांला मान्य नाही, आमचा माणूस रोज येईल, आणि गरज पडल्यास घरातल्या सर्व सज्ञान व्यक्तींना सुनावणीत प्रश्न विचारण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो.

ते पत्र नवऱ्याने दोनदा वाचलं आणि आपण सज्ञान व्यक्तींत येतो का, असं विचारलं. सासूबाई म्हणाल्या, प्रिंटरकडे बघून तर वाटत नाही.

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्यांनी तीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवला होता. गळ्यात टेप नसला तरी असल्यासारखी मान ठेवून त्या वावरत, आणि सुनेने घरी चार वर्षं मारलेल्या येरझाऱ्या त्यांनी न बोलता मोजल्या होत्या. सुनेने त्यांना स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सगळं समजावलं. आधी एक पंधरवडा, म्हणजे मोजून चौदा दिवस, नेहमीसारखं वागायचं. जेवढे युनिट होतील तो आधार, त्याला बेस म्हणतात. मग चौदा दिवस काटकसर. बेसमधून काटकसरीचे युनिट वजा केले की उरली ती बचत. आणि आई, सगळा खेळ बेसचा असतो बरं का, असंही ती म्हणाली. तिला समजावून सांगायला फार आवडे. घरात ऐकून घेणारं असं सासूबाईंशिवाय कुणी नव्हतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग एवढंच विचारलं, की म्हणजे बेस मोठा तर बचत मोठी? ती म्हणाली, हो, गणिताने तसंच. आणि ऑफिसची वेळ झाली म्हणून पळाली.

दुसऱ्या दिवसापासून आठ वाजून पाच मिनिटांनी मीटरवाचक येऊ लागला. भरघोस मिशांचा, पन्नाशीचा गृहस्थ. तो जिन्याखाली मीटरपुढे उभा राही, वहीत आकडा लिही, तो मोठ्याने वाचून दाखवी आणि मग ‘येतो मावशी’ असं म्हणत आत येई. सासूबाई त्याच्यासाठी विजेच्या किटलीत चहाचं पाणी ठेवत. म्हणजे मोजणाऱ्याचा चहासुद्धा मोजला जात होता. हे परिशिष्टात घालावं का, यावर तिने अर्धा दिवस घालवला.

बातमी इमारतीत पसरायला मीटर जिन्याखाली असणं पुरेसं होतं. वरच्या मजल्यावर गणिताचे निवृत्त मास्तर राहत. ते तिला जिन्यात गाठून सरासरी ही किती बेभरवशाची गोष्ट आहे हे सांगत. एकदा त्यांनी भिंतीवर खडूने आलेख काढला, तो अजून आहे. समोरच्या वहिनींचा कल सरासरीपेक्षा कृतीकडे. त्या म्हणाल्या, काटकसरीच्या दिवसांत तुमची इस्त्री माझ्याकडे टाका, भिंगरीची गरम पाण्याची आंघोळही इकडे होईल. आमचं कुठे कोण मोजतंय?

बेसचा पंधरवडा संपला. मीटरवाचकाने आकडा वाचला : एकशे अडुसष्ट. दिवसाला बारा युनिट.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या टिपणीत, पान चव्वेचाळीसवर, असल्या घराला दिवसाला सात युनिट पुरतात असं लिहिलेलं होतं. सगळ्या जगाला काटकसर शिकवायला निघालेल्या बाईच्या घरात बारा? ती घरभर फिरली. चार्जर उपटले, फ्रीजच्या दाराचं रबर कागद सरकवून तपासलं, नवऱ्याकडे संशयाने पाहिलं. ऑफिसात तो आकडा तिने कागद पालथा करून ठेवला. कुणी विचारलंच तर ‘मोठं कुटुंब आहे’ असं म्हणायचं ठरवलं आणि घरात आपण चारच जण आहोत हे आठवून आणखी अस्वस्थ झाली.

म्हणून काटकसरीच्या पंधरवड्यात तिने घराला धारेवर धरलं. इस्त्री आणि भिंगरीची आंघोळ समोरच्या वहिनींकडे सरकली. भिंगरीला बटणांची निरीक्षक नेमलं, हे चुकलंच. अधिकार मिळाल्यावर माणूस कसा बदलतो हे पाहायला फार लांब जावं लागत नाही. भिंगरीने वडील दाढी करत असताना दिवा बंद केला, आजी झोपलेली असताना पंखा बंद केला, आणि मीटरवाचक आत आला तेव्हा त्याची किटली काढून घेऊन त्याला थंड पाणी दिलं. तो म्हणाला, ताई, तुम्ही कंपनीत हव्या होतात. भिंगरीने त्याला, तुमच्या घरी किती दिवे आहेत, असं विचारलं आणि तो दुसऱ्या दिवशी जिन्याखालूनच परत गेला.

चौदा दिवसांनी आकडा आला : एक्याण्णव.

एकशे अडुसष्टमधून एक्याण्णव. सत्त्याहत्तर युनिटांची बचत. पंचेचाळीस पूर्णांक आठ टक्के. विभागप्रमुख जागेवरून उठून तिच्या टेबलापाशी आले. टंकलेखकाने शपथपत्र टाइप करताना आकड्याखाली स्वतःहून रेघ मारली. अध्यक्षांच्या कार्यालयातून चिठ्ठी आली, त्यावर एकच शब्द होता : ‘प्रशंसनीय.’ सुनावणी सोमवारी होती आणि शनिवारी घरी जाताना ती दोन जिने एकदम चढली.

तिसऱ्या जिन्यावर तिचा पाय थांबला. पंचेचाळीस?

या फाईलपायी तिने ढीगभर बचतीचे आकडे वाचून काढले होते. पंचेचाळीस टक्के बचत करणारं घर तिने एकदाच पाहिलं होतं, आणि त्या घरातली माणसं परगावी गेलेली होती. आत जाऊन तिने जुनी बिलं काढली, आणि जमिनीवर फतकल मारून मागच्या वर्षभरातले युनिट चौदा दिवसांच्या हिशेबाने मांडले. पंधरवड्याला अठ्ठ्याण्णव. पुढच्या महिन्यात सत्त्याण्णव. परत अठ्ठ्याण्णव. दिवसाला सात, पान चव्वेचाळीसवर लिहिल्याप्रमाणे बरोब्बर.

“आई,” ती म्हणाली, “बेसच्या दिवसांत दुपारी घरात काय चालायचं?”

सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

“गीझर,” त्या म्हणाल्या. “इस्त्री. वॉशिंग मशीन, रिकामंच, दोनदा. आणि माळ्यावरचा तो जुना हीटर. फार उकडायचं गं, पण म्हटलं चौदाच दिवस.”

तिने हातातलं बिल खाली ठेवलं.

“माप घेताना कापड दोन बोटं सैल धरावं लागतं,” सासूबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “नाहीतर अंगात जात नाही. तूच म्हणालीस ना, सगळा खेळ बेसचा. चार वर्षं शिक्के मारून तुझी बोटं निळी झालेली मी पाहिलीत. परत तिथे जायचंय तुला?”

रागवावं असं तिला फार वाटलं. पण उन्हाच्या दुपारी हीटरसमोर बसून, पदराने वारा घेत, सुनेच्या नोकरीसाठी युनिट जाळणाऱ्या बाईवर रागवायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

खरा हिशेब मांडला तो असा. अठ्ठ्याण्णवमधून एक्याण्णव, सात युनिट. त्यातले चार समोरच्या वहिनींच्या मीटरवर गेलेले, आंघोळ आणि इस्त्री मिळून. उरले तीन. तीन टक्के. महिनाभर घर डोक्यावर घेऊन.

त्या संध्याकाळी सल्ल्यांना तोटा नव्हता. नवरा म्हणाला, गप्प बस, कोण विचारतंय. मास्तर म्हणाले, तळटीप घाल, तळटीप कुणी वाचत नाही. वहिनी म्हणाल्या, माझं नाव येणार नाही ना? सासूबाईंनी सोमवारसाठी ठेवणीतले कपडे इस्त्रीला काढले आणि मग आठवण होऊन इस्त्री न करताच घडी घालून ठेवले.

रविवारी दुपारी भिंगरी झोपली. विश्लेषकबाई पुन्हा इस्त्रीच्या टेबलाशी बसली, उठली, पाणी प्यायली, बसली. खोटा आकडा वाचला तर फाईल तिची. खरा सांगितला तर वकील त्या मऊ आवाजात तिला उभी चिरणार. हाताला चाळा हवा म्हणून ती कंपनीच्या अर्जाची पानं उलटू लागली. आधारभूत वर्षाचा, म्हणजे कंपनीच्या बेसचा, तक्ता तिने पूर्वी दहा वेळा वाचला होता. आज अकराव्यांदा वाचताना तिला त्या रकान्यांत सासूबाई दिसल्या. मटार सोलत, मान ताठ.

रकाना सहावा, मोठे ग्राहक. त्यात गावाबाहेरचा काचेचा कारखाना होता. त्याची भट्टी एकटी, सगळ्यांनी मिळून वापरलेल्या विजेच्या १.२ टक्के खात असे. ती भट्टी यंदा पहिल्याच महिन्यात विझली होती, कारखाना कायमचा बंद, पण बेसमध्ये ती अजून धगधगत होती. कंपनी तीन वर्षांत मिळून वाचवणार होती ते किती? दरवर्षी ०.४, तिन्ही मिळून १.२. एकही दिवा न मालवता. दोन बोटं सैल.

ती उठून खोलीभर फिरली, झोपलेल्या लेकीच्या केसांतून हात फिरवला आणि परत येऊन तो तक्ता पुन्हा वाचला. मग आणखी एकदा.

सोमवारी तिने सगळं सांगितलं. हीटर, रिकामं वॉशिंग मशीन, वहिनींकडची आंघोळ, सगळं. शपथपत्रातला पंचेचाळीस पूर्णांक आठ तिने स्वतःच्या हाताने खोडला आणि तीन लिहिला. खोलीत हसू फुटलं. लघुलेखिकेलाही लिहिणं थांबवावं लागलं. विभागप्रमुखांनी डोळे मिटून घेतले. वकील उठले. ते अत्यंत दुःखी स्वरात म्हणाले की ज्या अधिकाऱ्याला स्वतःच्या स्वयंपाकघरातला बेस सांभाळता आला नाही, तिच्या दीड टक्क्यावर आयोगाने कसा विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्यांना रात्रभर छळेल. आणि पत्रात राखून ठेवलेला हक्क वापरून त्यांनी सासूबाईंना बोलावलं.

सासूबाई टेबलाशी आल्या, चालू माइक कुठला ते बोटाने वाजवून पाहिलं आणि त्यापुढे बसल्या.

“मावशी, तुम्ही मुद्दाम जास्त वीज वापरलीत?”

“हो.”

“का बरं?”

“म्हणजे नंतर कमी दिसेल ना,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाटलं की याला कळलेलं नाही. “तुम्ही नाही का करत तुमच्या साहेबांसाठी?”

पुन्हा हसू आलं, पण या खेपेस कंपनीच्या बाजूचं कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी खिडकीवरची नजर काढली. ती ताबडतोब उभी राहिली, कारण बसून राहणं तिला शक्यच नव्हतं.

“सर, आमच्या बेसमध्ये सासूबाईंचा हीटर होता. तो मी काढला. कंपनीच्या बेसमध्ये काचेची भट्टी आहे. तक्ता तीन, रकाना सहा. ती विझून आठ महिने झाले.”

पानं उलटल्याचा आवाज बराच वेळ चालला. वकिलांनी मागे वळून आपल्या इंजिनिअरकडे पाहिलं. इंजिनिअर छताकडे पाहत होता.

“भट्टी काढा,” अध्यक्ष म्हणाले. “मग बोलू.”

आदेश तीन आठवड्यांनी आला. दीड टक्का मिळाला नाही. कंपनीला दरवर्षी १.१ टक्क्याचं उद्दिष्ट मिळालं, म्हणजे दोन्ही पक्षांना सारखंच दुःख. पण भट्टी गेली, शेजारच्या मीटरवर ढकललेली बचत मोजायची नाही असा स्वतंत्र परिच्छेद आला, आणि शेवटच्या पानावर लिहिलं होतं की अंमलबजावणीची फाईल सध्याच्या विश्लेषकांकडेच राहील. सासूबाईंचा उल्लेख ‘कुटुंबातील एक ज्येष्ठ सदस्य’ असा होता. त्यांनी चष्मा लावून तेवढीच ओळ वाचली आणि ‘ज्येष्ठ’ शब्दावर जरा नाराजी दाखवली.

संध्याकाळी ती खिडकीशी आदेश घेऊन बसली होती. घरी बसून, काहीही न लिहिता, नुसतं वाचायला मिळणं ही चैन होती. भिंगरी येऊन मांडीवर चढली, आदेशावरचा गोल शिक्का बोटाने गिरवला आणि यात काय लिहिलंय असं विचारलं. तिने सांगितलं. कंपनीने लोकांना दिवे कमी जाळायला शिकवायचं, इतके इतके, तीन वर्षं. भिंगरीने बोटांवर मोजलं.

“म्हणजे मी आठ वर्षांची होईपर्यंत?”

“हो गं राणी.”

“आणि मग?”

तिने आदेश चाळला. परिच्छेद बावीसमध्ये पहिलं वर्ष होतं, तेविसात दुसरं, चोविसात तिसरं. पंचविसात अपिलाची मुदत. तिने स्वतः लिहिलेली टिपणी आठवून पाहिली, तीनशे बारा पानांचा अर्ज आठवला, वकिलांची भाषणं आठवली. खोलीत अंधारून येत होतं आणि दिवा कुणी लावला नव्हता. भिंगरीने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

“सांग ना आई. उद्दिष्ट पूर्ण झालं, की परत सगळे दिवे लावायचे का?”